फैसला न देणारे आसन

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर या शहरी, हट्टी, उनाड आणि शाळेला नकोशा झालेल्या मुलांसाठी चालणाऱ्या एका केंद्रात कार्ल रॉजर्स नावाचे एक तरुण मानसशास्त्रज्ञ १९२८ पासून बारा वर्षे काम करीत होते. आणि त्या काळातील एक प्रसंग त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवला आहे. एक आई आपल्या अनावर झालेल्या मुलाची तक्रार घेऊन केंद्रात येत असे. मुलाचा पूर्वेतिहास तपासून रॉजर्स यांनी मनाशी असे निदान बांधले होते की, या बाईने मुलाला अगदी लहानपणीच मनातून दूर लोटले आहे आणि साऱ्या अनर्थाचे मूळ तेथेच आहे. मग ते निदान तिला पटावे म्हणून, कधी तिच्याच बोलण्यातील पुरावे तिच्यापुढे मांडून, तर कधी हळुवारपणे सुचवून, त्यांनी अनेक बैठकी खर्ची घातल्या. बाई सुबुद्ध होती, सौजन्याने सारे ऐकून घेत होती. परंतु बैठकीमागून बैठक गेली तरी घोडे काही पुढे सरकेना. अखेर, आपण दोघांनीही मनापासून यत्न केला, यश आले नाही, तेव्हा येथेच थांबू या, असे रॉजर्स म्हणाले. बाईनेही ते मान्य केले, निरोपाचे हस्तांदोलन केले आणि ती दारापर्यंत गेली. दारातून मात्र ती वळली आणि तिने विचारले की, तुम्ही येथे मोठ्या माणसांनाही समुपदेशनासाठी घेता काय? होकार मिळताच ती परत येऊन खुर्चीवर बसली आणि आपल्या वैवाहिक जीवनातील निराशा, नवऱ्याशी झालेला दुरावा, आपण सर्वस्वी फसलो आहोत ही भावना, असे सारे तिच्या तोंडून अक्षरशः वाहू लागले. आजवर तिने दिलेल्या नीटनेटक्या माहितीशी या कथनाचे काही साम्यच नव्हते. त्यानंतरच्या बैठकींतून प्रथम पतिपत्नींचे संबंध सुधारले, आणि पाठोपाठ मुलाचे वागणेही सुधारले.

या प्रसंगात व्यक्ती, दांपत्य आणि कुटुंब ही समुपदेशनाची तिन्ही क्षेत्रे एका खोलीत आलेली दिसतात. फिर्याद मुलाविरुद्ध होती, दुःख आईचे होते आणि दुखापत झाली होती ती दोघा पतिपत्नींच्या नात्याला. रॉजर्स यांचे निदान कदाचित बरोबरही असेल. तथापि निदान बरोबर ठरविण्याच्या भरात ते नकळत मुनसफाच्या खुर्चीवर जाऊन बसले होते, आणि मुनसफापुढे मनुष्य आपला बचाव मांडतो, मन मोकळे करीत नाही. ती खुर्ची त्यांनी सोडली त्याच क्षणी बाईची खरी कैफियत सुरू झाली. समुपदेशकाचे सारे शास्त्र आणि सारी कला या एका त्यागात साठविलेली आहे, असे आम्हांस वाटते: ज्याच्याकडे माणसे फैसला मागावयास येतात, त्याने फैसला द्यावयाचा नाही, आणि ज्याच्या नावाने फिर्याद आली, तोच आपला अशील, असे गृहीत धरावयाचे नाही.

आपल्याकडे हे सहजी पटत नाही, याला कारण आहे. घरातील पेच घेऊन जाण्याच्या आपल्या जागा ठरलेल्या असत. थोरले काका, मामा, गावातील चार प्रतिष्ठित माणसे, घराण्याचे गुरुजी किंवा पिढ्यान्‌पिढ्या घरी येणारे डॉक्टर, यांच्यापुढे गाऱ्हाणे मांडावे, त्यांनी एकाला समज द्यावी, दुसऱ्याला धीर द्यावा आणि प्रकरण मिटले असे जाहीर करावे, ही रीत होती. जे या मंडळींनाही सांगता येत नसे, ते पुष्कळदा मनातच राही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली सुरू करून १९५३ मधील आपल्या मृत्यूपर्यंत चालविलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाकडे कामजीवनाविषयीच्या शंका लिहून पाठविणाऱ्या वाचकांची निकड त्यातूनच उत्पन्न झाली होती. कोणी तरी लाज न वाटू देता ऐकून घ्यावे आणि खरे उत्तर द्यावे, एवढीच त्यांची मागणी होती. जेथे माहिती मिळाल्याने अडचण सुटते, तेथे असे उत्तर हेच औषध होय. परंतु सासऱ्यांशी बोलणे का तुटले, किंवा परीक्षेचा निकाल चांगला लागूनही जगणे निरर्थक का वाटते, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही जाणकाराच्या खिशात तयार नसतात.

‘समुपदेशन’ या आपल्या शब्दातच ‘उपदेश’ बसलेला असल्याने घोटाळा अधिक वाढतो. वस्तुतः ‘उपदेश’ या शब्दाचा मूळ धातू दाखविण्याचा आहे आणि ‘उप’ म्हणजे जवळ. तेव्हा जवळ बसून दाखविणे, असा त्याचा अर्थ लावला तर तो या कार्याला चपखल लागू पडतो. उंचावरून सांगणे आणि शेजारी बसून दाखविणे, यांतील अंतर लहान नव्हे. तरीही भारतीय मनुष्य समुपदेशकासमोर बसतो तो “तुम्हीच सांगा आता, मी काय करू?” असे म्हणूनच. पंजाबातील मनोविकारतज्ज्ञ जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ मध्ये लिहिलेल्या एका प्रसिद्ध लेखात या अपेक्षेचा आदराने विचार केला आहे. पाश्चात्त्य पद्धतीतील अलिप्त चिकित्सकापेक्षा गुरुशिष्यांचे नाते आपल्या लोकांच्या प्रकृतीला अधिक जवळचे आहे आणि त्या नात्याचा उपचारासाठी उपयोग होऊ शकतो, असा त्यांचा विचार होता. चांगला समुपदेशक ही श्रद्धा झिडकारीत नाही. ती तो आदराने स्वीकारतो, आणि मग हळूहळू तिचा रोख स्वतःकडून वळवून समोरच्या माणसाच्याच विवेकाकडे नेतो.

एकटी व्यक्ती समोर येते तेव्हा काम सर्वांत सोपे असावे, असे वाटते. परंतु तेथे एकाच देहात फिर्यादी आणि आरोपी असे दोघे येऊन बसलेले असतात. “माझ्याने काहीच होत नाही,” असे म्हणणारा मनुष्य स्वतःवरच खटला भरून आलेला असतो आणि शिक्षाही त्याने स्वतःच ठरविलेली असते. रॉजर्स यांनी रॉचेस्टर सोडल्यानंतर १९४२ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात समुपदेशनाच्या एका संपूर्ण प्रकरणातील बैठकींचे ध्वनिमुद्रणावरून उतरविलेले शब्दन्‌शब्द संभाषण छापले होते. बंद दाराआडच्या या व्यवहारात नेमके काय घडते, हे अशा रीतीने उघड्यावर तपासता येऊ लागले. पुढे १९५७ मध्ये त्यांनी मनुष्य बदलण्यासाठी समुपदेशकाच्या ठायी काय असावे लागते ते सांगितले. त्याने समोरच्याचे जग त्याच्याच डोळ्यांनी पाहण्याचा यत्न करावा, त्याचा विनाअट आदर करावा, आणि स्वतः मुखवटा धारण न करता आतबाहेर एक असावे. ऐकावयास हे साधे वाटते. परंतु समोरचा मनुष्य अप्रिय, चुकीचे किंवा भयंकर असे काही बोलत असताना, त्याच्या कृत्याला संमती न देता त्याच्याविषयीचा आदर टिकविणे, ही तपश्चर्याच आहे.

आदराने ऐकणे ही भूमी. तीवर करावयाची मशागत निरनिराळ्या पद्धतींची असते. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली पद्धती आपल्या वाचकांना अधिक परिचित आहे, कारण मुंबईचे मानसतज्ज्ञ कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार केला आणि ‘विवेकनिष्ठ मानसोपचार’ या नावाने ती महाराष्ट्रात रुजविली. घटना आणि भावना यांच्या मध्ये एक तिसरी वस्तू उभी असते, ती म्हणजे त्या घटनेविषयीचा आपला समज, हे तिचे मुख्य सूत्र होय. नोकरीच्या मुलाखतीत नकार मिळाला, ही घटना. त्यानंतर आठ दिवस अंथरुणातून न उठणे, हा परिणाम. आणि ‘मला नकार मिळताच कामा नये, मिळाला म्हणजे मी कवडीमोलाचा ठरलो,’ हा मधला समज. समुपदेशक घटना पुसू शकत नाही आणि भावनेवर हुकूमही चालवू शकत नाही. तो त्या मधल्या समजाला पुरावा मागतो. एका नकारावरून संपूर्ण माणसाची किंमत कशी ठरते, हे दाखवून द्या, असे तो शांतपणे विचारतो. आणि स्वतःवर भरलेल्या खटल्यातील पुरावा किती तकलादू होता, हे मनुष्याला स्वतःच्याच तोंडून ऐकू येऊ लागते.

पतिपत्नी जोडीने येतात तेव्हा दृश्य पालटते. आता फिर्यादी दोन, आरोपीही दोन, आणि दोघांचीही मनोमन अपेक्षा अशी की, या तज्ज्ञाने आपली बाजू खरी असल्याचा शिक्का मारून द्यावा. ज्याच्या बाजूने समुपदेशक झुकला तो त्या दिवशी समाधानाने घरी जाईल. परंतु दुसरा पुन्हा येणार नाही, आणि आला तरी मनाने येणार नाही. म्हणून येथे अशील नवराही नव्हे आणि बायकोही नव्हे. दोघांच्या मध्ये जे नाते बसलेले आहे, ते अशील. या नात्याची प्रकृती कशी पाहावी, याचा अत्यंत चिकाटीचा अभ्यास सिअ‍ॅटल येथे जॉन गॉटमन यांनी केला. घरासारख्या सजविलेल्या जागेत जोडप्यांना राहावयास देऊन, वादाच्या वेळी त्यांच्या नाडीचे ठोके मोजून आणि चेहऱ्यावरची रेष अन्‌ रेष चित्रफितीवर नोंदवून त्यांनी काही निष्कर्ष काढले. त्यांतील एक निष्कर्ष कित्येक संसारांना दिलासा देणारा आहे: जोडप्यांच्या मतभेदांपैकी सुमारे ६९ टक्के मतभेद कधीच सुटत नाहीत, कारण ते स्वभावांतील आणि आवडींतील भेदांतून उगवलेले असतात. सुखी जोडप्यांतही ते असतातच. फरक एवढाच की, ती माणसे त्यांच्याविषयी बोलत राहतात, कधी हसतही राहतात, आणि दुःखी जोडपी त्याच जागी वर्षानुवर्षे रुतून बसतात.

संसार पोखरणाऱ्या चार सवयी गॉटमन यांनी वेगळ्या काढून दाखविल्या. कृत्याऐवजी माणसाच्या स्वभावावरच ठपका ठेवणे, तुच्छतेने बोलणे, प्रत्येक बोलण्यावर स्वतःचा बचावच मांडणे, आणि शेवटी भिंतीसारखे गप्प होऊन जाणे, या त्या चार होत. आणि त्यांत तुच्छता सर्वांत घातक. “आज दूध आणायचे राहिले” आणि “तू कधी कशाची आठवण ठेवली आहेस?” या दोन वाक्यांत दूध तेवढेच आहे, परंतु दुसऱ्या वाक्यात मनुष्याची सबंध कारकीर्द बडतर्फ होते. समुपदेशक अशा ठिकाणी एक साधा नियम घालून देतो. एकाने आपले म्हणणे सांगावे, दुसऱ्याने त्याचे उत्तर देण्यापूर्वी तेच म्हणणे स्वतःच्या शब्दांत परत सांगावे, आणि “होय, मला हेच म्हणावयाचे होते,” अशी पावती मिळाल्यावाचून पुढे जाऊ नये. वीस वर्षे एका छपराखाली काढलेल्या माणसांना ही पावती पहिल्या खेपेस क्वचितच मिळते. आणि ती मिळते तेव्हा, वाद जेथल्या तेथे असूनही, आवाज खाली येतो.

तथापि जेथे मारहाण आहे, धाक आहे, पैशाची किंवा माहेरी जाण्याची नाकेबंदी आहे, तेथे हा समतोल लागू करता येत नाही, हे येथे निःसंदिग्धपणे लिहिले पाहिजे. ज्या खोलीत बोललेल्या शब्दाची किंमत घरी गेल्यावर एका माणसाला अंगावर मोजावी लागते, त्या खोलीत मोकळे बोलणे शक्यच नसते. म्हणून दक्ष समुपदेशक आरंभीच दोघांना स्वतंत्रपणे भेटून भीतीची चौकशी करतो आणि भीती आढळल्यास प्रथम सुरक्षिततेची तजवीज पाहतो. आपल्या कायद्यानेही हा विवेक ओळखला आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या अधिनियमाखाली जे नियम झाले, त्यांनुसार समुपदेशनात हिंसेचे समर्थन करण्याची मुभा प्रतिवादीला नाही. फैसला न देणे म्हणजे अन्यायाकडे डोळेझाक करणे नव्हे. हिंसा ही मतभेदाची एक बाजू नसते.

सर्वांत गुंतागुंतीचे आणि आमच्या मते सर्वांत विस्मयकारक काम असते ते कुटुंबाचे. कुटुंब येते तेव्हा ते बहुधा एकमताने येते, आणि एकमत असते ते एका माणसाविषयी. “आमच्या घरी सगळे ठीक आहे, फक्त ह्याचेच काही तरी बिघडले आहे,” असे म्हणून सोळा वर्षांच्या मुलाला, अबोल झालेल्या सुनेला किंवा हट्टी झालेल्या आजोबांना पुढे केले जाते. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत मरे बोवेन यांनी मनोरुग्णाबरोबर त्याच्या आईवडिलांना आणि भावंडांनाही संशोधनासाठी रुग्णालयात राहावयास आणले, तेव्हा त्यांना असे आढळले की, घरातील भावनांचे प्रवाह एका माणसाच्या कातडीपाशी थांबत नाहीत. दोघांतील ताण असह्य झाला की ती दोघे तिसऱ्याला मध्ये ओढतात आणि तात्पुरती स्वस्थ होतात. नवराबायकोचे बोलणे बंद आहे, परंतु मुलाच्या अभ्यासाविषयी मात्र दोघे रोज रात्री तासभर बोलतात. मग मुलाचा अभ्यास सुधारला तर त्यांनी बोलावे कशाविषयी? मुलाला हे शब्दांत सांगता येत नाही, परंतु त्याची दप्तराकडे पाठ फिरलेली असते ती कधी कधी याच ओझ्याने. सासू, सून आणि मधला मुलगा हा त्रिकोण तर मराठी घरात कोणास समजावून सांगण्याची गरजच नाही.

बोवेन यांच्या परंपरेत घराण्याचा तीन पिढ्यांचा आलेख काढण्याची पद्धत आहे; पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, आणि त्यांना जोडणाऱ्या नात्यांच्या रेषा. आपल्याकडील कितीतरी घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत मोठ्या कष्टाने सिद्ध करून छापले आहेत. कोण कोठून आला, कोणी कोणती वतने मिळविली, कोण मामलेदार झाला, हे त्यांत असते. समुपदेशकाचा आलेख म्हणजे त्याच वृक्षाची दुसरी बाजू होय. कोणी कोणाशी बोलणे टाकले, कोणाच्या अकाली मृत्यूनंतर त्याचे नावच घरात निषिद्ध झाले, कोणत्या आत्येने लग्न मोडून माहेरी आयुष्य काढले आणि तिच्या वाटणीचा राग पुढे कोणाकडे आला, हे त्यात उतरते. तो कागद टेबलावर पसरून पाहताना पुष्कळ माणसांना प्रथमच कळते की, आपण आपले म्हणून जे भांडण भांडतो आहोत, ते आपल्या जन्मापूर्वीच सुरू झालेले होते.

अर्जेंटिनात जन्मलेले आणि पुढे फिलाडेल्फियात नावारूपाला आलेले साल्वादोर मिनुचिन यांनी घराकडे रचना म्हणून पाहिले. घरात दारे असावीत तशी नात्यांतही असावीत, असे त्यांच्या विवेचनाचे सार सांगता येईल. काही घरांत सर्व दारे सताड उघडी असतात. एकाला शिंक आली की दुसऱ्याचे डोके दुखते आणि वयात आलेल्या मुलीच्या मनात काय आहे हे तिच्यापूर्वी आई सांगते. काही घरांत सर्व दारे बंद असतात आणि माणसे एका पत्त्यावर राहणाऱ्या परक्यांसारखी वावरतात. इटलीतील मिलान शहरी मारा सेल्विनी पालाझोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न विचारण्याची एक वेगळीच रीत प्रचारात आणली: दोघांच्या संबंधांविषयी तिसऱ्याला विचारावयाचे. “आई रडू लागली की घरात प्रथम कोण उठतो? आणि तो उठला की बाबा काय करतात?” असे धाकट्या मुलीला विचारले असता ती क्षणभर विचार करून जे सांगते, त्याने मोठी माणसे निःशब्द होतात, कारण त्या उत्तरात दोषारोप कोणावरच नसतो, आणि घर मात्र जसेच्या तसे समोर उभे राहते.

कुटुंबाला उपचारात सामील करून घेण्याचा विचार आपल्याकडे केवळ परदेशी ग्रंथांतून आला, असे मात्र समजू नये. फाळणीनंतरच्या काळात अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी, रुग्णांची गर्दी आणि माणसांची टंचाई अशा बिकट स्थितीत, रुग्णांच्या नातेवाईकांना रुग्णालयाच्या आवारात तंबूंतून राहावयास बोलाविले. नातेवाईक शुश्रूषा शिकले, आजाराविषयीची त्यांची भीती गेली, आणि जे रुग्ण एरवी भिंतीआड विसरले गेले असते ते आपल्या माणसांबरोबर घरी परतले. वेल्लोर येथील ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसिक आरोग्य केंद्रानेही रुग्णासोबत कुटुंबीयांनी राहावे ही प्रथा पाडली. जेथे अन्यत्र कुटुंबाला आजाराचे कारण म्हणून दूर ठेवले जात होते, तेथे आपल्या डॉक्टरांनी त्याच कुटुंबाला उपचाराचे भागीदार केले, ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे.

आणि जेथे फैसला देणे हेच काम, त्या न्यायसंस्थेनेसुद्धा घराच्या बाबतीत हात आखडता घेतला आहे. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय अधिनियमाने न्यायालयावर असे कर्तव्य घातले की, निकालाकडे वळण्यापूर्वी जेथे शक्य असेल तेथे समेटासाठी प्रथम प्रयत्न करावा. या न्यायालयांना समुपदेशक जोडून दिले, आणि पक्षकाराला वकिलामार्फत उभे राहण्याचा हक्क म्हणून दावा करता येणार नाही असेही ठरविले. वांद्र्याच्या किंवा पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशकासमोर बसलेली दोन माणसे शेवटी एकत्र नांदतीलच असे नाही. विभक्त होण्याचा निर्णय घेऊनही, मुलाला रविवारी कोणी न्यावे हे एकमेकांचा अपमान न करता ठरविता आले, तर तेही त्या खोलीचे यशच होय.

ज्यांना या दाराशी जावेसे वाटते, त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बैठक साधारणपणे पाऊण ते एक तासाची असते. तेथे बोललेले गुप्त राहते. मात्र कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा बालकावर लैंगिक अत्याचार होत असेल, तर गुप्ततेची मर्यादा संपते, आणि प्रामाणिक समुपदेशक हे पहिल्याच दिवशी सांगतो. त्याचे शिक्षण आणि नोंदणी विचारण्यात संकोच नसावा. झोप, भूक आणि भान हरपविणाऱ्या आजारात औषधांची गरज असते आणि तेथे मनोविकारतज्ज्ञाकडे पाठविणारा समुपदेशकच खरा जाणकार. आणि रात्रीबेरात्री मन फार काळोखात गेले, तर केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र उपलब्ध आहे.

झाकली मूठ सव्वा लाखाची, या म्हणीने आपल्या कित्येक पिढ्यांची अब्रू राखली, हे खरे. परंतु मूठ उघडायची म्हणजे ती पंचांपुढेच उघडायची, दुसरी जागाच नाही, या भीतीनेही ती झाकलेली राहिली. या व्यवसायातील माणसे सांगतात की, सर्वांत महत्त्वाचे वाक्य पुष्कळदा बैठक संपल्यावर, चपला पायात घालताना बोलले जाते. रॉचेस्टरच्या त्या आईने तेच केले. मुलाच्या खटल्यात तिला साक्षीला बोलाविले होते तोवर ती नीटनेटकी उत्तरे देत राहिली. खटला निकालात न निघता नुसताच दप्तरी दाखल झाला, तेव्हा ती दारातून परत फिरली. रॉजर्स यांच्याजवळ त्या वेळी तिला द्यावयास सल्ला उरला नव्हता आणि निदानही उरले नव्हते. एक रिकामी खुर्ची तेवढी होती, आणि तीवर येऊन ती बसली.